दिवसाला 137 रुपये

50,000 ला 365 ने भागा. 137 रुपये येतात. महाराष्ट्रात एखाद्या दिव्यांग माणसाला संजय गांधी निराधार योजनेचा पगार, म्हणजे दरमहाची मदत, हवा असेल, तर त्याच्या कुटुंबाची दिवसाची कमाई याच्या आत असावी लागते. नवऱ्याची मजुरी, बायकोचं शिवणकाम, शेळीचं दूध, सगळं धरून 137 रुपये. वर्षाला 50,000. विधवा, परित्यक्ता आणि इतर निराधारांसाठी ही मर्यादा आणखी खाली, 21,000 वर आहे. दिव्यांगांसाठी ती वाढवली, हे खरं. पण वाढवून कुठवर आणली, तेही बघा. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. त्या दराने एका माणसाने 160 दिवस काम केलं की 49,920 रुपये होतात. 161 व्या दिवशी तो कुदळ घेऊन निघाला, की घरातल्या अपंग बायकोचा पगार नियमाने बंद व्हायला हवा.

2025 च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांचा हा पगार दीड हजारावरून अडीच हजार झाला. वर्षाचे 30,000. चांगली गोष्ट झाली, उशिरा का होईना. पण रक्कम वाढली तशी मर्यादेवरची भीतीही वाढली, कारण आता गमावण्यासारखं जास्त आहे. हिशेब सोपा आहे. कुटुंबाचं उत्पन्न 50,000 असेल तर पगार धरून हातात 80,000 येतात. उत्पन्न 51,000 झालं तर हातात 51,000. हजार रुपये जास्त कमावले आणि 30,000 गेले. पुन्हा पहिल्याइतकं हातात यायला त्या कुटुंबाला 80,000 कमवावे लागतील. मधल्या 30,000 रुपयांसाठी केलेले सगळे कष्ट फुकट. जो माणूस दिवसाला चार तासांच्या वर बसू शकत नाही, ज्याला बाजारापर्यंत जायला रिक्षा लागते, त्याने ही दरी एका उडीत ओलांडायची आहे. ते होत नाही. म्हणून तो 50,000 च्या अलीकडे थांबतो, नाहीतर पलीकडे जाऊन गप्प बसतो.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या ओळखीची एक ताई शिवणकाम करते. लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय कॅलिपरमध्ये असतो आणि शिवताना तो ती एका पाटावर ठेवते. मशीनला मोटार बसवली आहे, पेडल उजव्या पायाने दाबते. साडीला फॉल-पिको, ब्लाउजचे हूक, फाटलेल्या दप्तराला शिलाई, परकराला नाडीची पट्टी, असं सुटंसुटं काम. सकाळी दोन तास, दुपारी पाठ टेकायची, संध्याकाळी पुन्हा दीड-दोन तास. त्याच्या वर कंबर धरते. महिन्याला तीनेक हजार सुटतात. नवरा मोंढ्यात हमाली करतो. मागे बचत गटाने तिला शाळेच्या गणवेशांचं काम देऊ केलं. एकाच मापाचे ढीगभर शर्ट, कापड कापून मिळणार, पैसे ठरलेले. तिने नाही म्हटलं. कारण पैसे बँकेत जमा होणार होते, तिच्याच नावावर, तिच्या आधारला जोडलेल्या त्याच खात्यात जिथे निराधारचा पगार पडतो. मी तिच्याकडून पिशव्या शिवून घेतल्या तेव्हा फोनवरून पैसे पाठवतो म्हणालो, तर मान हलवून म्हणाली, “नको दादा, हातातच द्या. खात्यावर दिसलं तर पगार बंद करतील.”

खात्यावर आलेले चारशे रुपये बघून कोणी पगार बंद करेल का, हा प्रश्न वेगळा. भीती पुरेशी आहे. त्या भीतीने तिने स्वतःच्या धंद्याचा कुठे कागद होऊ दिला नाही. उद्यम नोंदणी नाही, बँकेत उलाढाल नाही, म्हणून कर्ज नाही. दुसरं मशीन घ्यायचं तर बचत गटातून उचल, तीही नणंदेच्या नावावर. स्वतःच्या हाताच्या कमाईला असं लपवत राहावं लागणं, हा त्या बाईचा अपमान आहे. तिने कोणाचं काही चोरलेलं नाही.

आणि दाखला? उत्पन्नाचा दाखला 50,000 च्या आतला आहे. हमाली करणाऱ्या माणसाच्या घरात 137 रुपयांत दिवस निघत नाही, हे तलाठ्याला माहीत आहे, सेतू केंद्रात फॉर्म भरणाऱ्या पोराला माहीत आहे, तहसील कचेरीतल्या बाबूलाही माहीत आहे. तरी आकडा बसवला जातो, कारण खरा आकडा लिहिला तर तालुक्यातली जवळजवळ सगळी यादी रिकामी होईल. यात मी तलाठ्याला दोष देत नाही आणि त्या ताईला तर मुळीच नाही. ज्या नियमात खरं बोलणारा माणूस बसूच शकत नाही, तो नियम लिहिणारे दोषी आहेत. शिवाय अशा दाखल्यावर उभा असलेला पगार कायम कोणाच्या तरी मुठीत राहतो. भावकीत भांडण झालं की तक्रार अर्ज. निवडणुकीत दुसऱ्या पार्टीचं काम केलं की तक्रार अर्ज.

सरकारचा एक हात दुसऱ्या हाताशी बोलत नाही, हे इथे स्पष्ट दिसतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने स्वयंरोजगाराला सवलतीच्या दराने कर्ज द्यायला सांगितलं आहे. त्यासाठी राज्यात दिव्यांगांचं वित्त आणि विकास महामंडळ आहे. गरजू दिव्यांगांना बॅटरीवर चालणाऱ्या गाडीवरचं फिरतं दुकान मोफत देण्याची योजनाही राज्य सरकारचीच. छान योजना आहे. पण त्या गाडीवर चहा-बिस्किटं विकून दिवसाला दीडशे रुपये सुटले, की 150 गुणिले 365, 54,750 रुपये. निराधारचा पगार गेला. गाडी देताना अपेक्षा अशी की माणसाने पायावर उभं राहावं. पगाराच्या नियमाची अपेक्षा अशी की त्याने उभं राहू नये. दोन्ही योजना दिव्यांगांसाठीच्या आहेत आणि दोन्हींचे अर्जदार तेच आहेत.

मूळ चूक अशी आहे की काम करण्याची ताकद म्हणजे दिव्याचं बटण असं समजलं गेलं आहे, चालू नाहीतर बंद. शरीर असं वागत नाही. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन्स आहे, दीर्घ मानसिक आजार आहे. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये सिकलसेल म्हणजे काय हे घराघरात ठाऊक आहे. पोरगा पंधरा दिवस ठणठणीत असतो, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, आणि एका रात्री हाडांत अशा कळा सुरू होतात की आठवडाभर सरकारी दवाखान्याच्या खाटेवर. त्याला अर्धवेळच काम जमणार. त्या अर्धवेळ कामात घर चालणार नाही, म्हणून पगार हवा. आणि पगारात घर चालत नाही, म्हणून काम हवं. दोन्ही एकत्र असतील तरच तो तरतो. यात लबाडी कुठे आली?

पण गावात लबाडीच दिसते. “दुकानात बसतो की, मग अपंग कसला?” हे वाक्य मी चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. जिल्हा रुग्णालयातलं प्रमाणपत्र शरीर किंवा मन किती टक्के अधू आहे ते सांगतं. माणूस किती कमावू शकतो, हे ते मोजत नाही, त्याने मोजायचंही नसतं. 60 टक्के अंध माणूस फोनवर बोलण्याचं काम उत्तम करतो, म्हणून त्याचे डोळे सुधारत नाहीत. बनावट प्रमाणपत्रं काढणाऱ्यांना जरूर पकडा, नोकऱ्यांतून काढा, त्यांनी खऱ्या अपंगांच्या जागा खाल्ल्या आहेत. बनावट प्रमाणपत्रांच्या चौकशीचा धाक मात्र फॉल-पिको करणाऱ्या बाईपर्यंत जाऊन पोचला आहे, आणि तिथे त्याचं काही काम नाही.

आता शेजारच्या खिडकीत बघा. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे पाचपट. आमच्या ताईने आपलं आणि नवऱ्याचं खरं उत्पन्न उद्या लिहून दिलं, तर ते दीड लाखाच्या आसपास भरेल. त्या आकड्यावर तिला बाई म्हणून महिन्याला दीड हजार मिळू शकतात. अपंग म्हणून मिळतील शून्य. कॅलिपर, कंबरदुखी, रिक्षाचं भाडं हे सगळं असूनही राज्याच्या हिशेबात तिचं अपंगत्व त्या उत्पन्नाला संपतं. लाडक्या बहिणीवर माझा राग नाही. अडीच लाख ही मर्यादा माणसाच्या जगण्याशी मिळतीजुळती आहे. तोच विचार दिव्यांगांच्या वेळी का सुचला नाही?

प्राप्तिकराचा कायदा घ्या. जुन्या करपद्धतीत 80-यू कलमाखाली अपंग करदात्याला उत्पन्नातून 75,000 रुपये वजा करायला मिळत आले आहेत. अपंगत्व 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 1,25,000. कारण काय? अपंगत्वाला खर्च येतो, हे कायद्याला मान्य आहे. बरोबर आहे. पण पगारदार माणसाच्या बाबतीत जो खर्च 75,000 धरला, तोच खर्च मोंढ्यातल्या हमालाच्या घरात कोणी धरला नाही. त्या घराचं एकूण उत्पन्नच 50,000 च्या आत हवं. तहसीलच्या फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना आहे, अपंगत्वामुळे होणाऱ्या खर्चाचा रकाना नाही. कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या, कुबड्यांचे रबर, सोबतीला येणाऱ्याचं एसटीचं तिकीट, बुडालेली त्याची मजुरी, हे कुठेच लिहिलं जात नाही.

बाहेर या प्रश्नाला कसं हाताळतात? अमेरिकेत गरीब अपंगांसाठी सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम नावाची मदत आहे. तिथे काम करून मिळवलेल्या पहिल्या 65 डॉलरना महिन्याला हात लावत नाहीत, शिवाय कुठल्याही उत्पन्नातले 20 डॉलर सोडतात, आणि त्यापुढच्या दर दोन डॉलरमागे मदतीतला एक डॉलर कापतात. म्हणजे काम वाढलं की हातातले पैसे वाढतातच, थोडे का होईना. त्यांचंही सगळं गोड नाही. ते 65 आणि 20 चे आकडे 1974 ला योजना सुरू झाली तेव्हापासून तसेच आहेत, आणि एकट्या माणसाकडे शिल्लक 2,000 डॉलरच्या वर गेली की मदत बंद, ही मर्यादा 1989 पासून हललेली नाही. ब्रिटनमध्ये आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे काम करता न येणाऱ्यांच्या एका भत्त्यात आठवड्याला 16 तासांच्या आत आणि ठरावीक कमाईपर्यंत काम करायची उघड परवानगी आहे. 2025-26 साठी ती कमाई आठवड्याला 195 पौंड 50 पेन्स होती. आणि पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट नावाचा त्यांचा दुसरा भत्ता उत्पन्न बघतच नाही. अपंगत्वाचा जादा खर्च भागवायला तो दिला जातो, नोकरी असो वा नसो. तिथल्या सरकारने 2025 मध्ये त्याचे निकष आवळायचा प्रयत्न केला, तेव्हा सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी बंड केलं आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

त्याच ब्रिटनमध्ये आपल्यासारखी कड्याची मर्यादाही आहे, घरच्या आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांच्या भत्त्यात. 2024-25 मध्ये आठवड्याला 151 पौंडांच्या वर एक पौंड कमावला की त्या आठवड्याचा सगळा भत्ता गेला. दुकानात चार तास काम करणाऱ्या बायकांकडून जुने भत्ते हजारो पौंडांच्या हिशेबात परत मागितले गेले, त्यावर मोठा गदारोळ झाला, सरकारला चौकशी नेमावी लागली. कड्याचा नियम श्रीमंत देशातही माणसांना खाली पाडतो, हे त्यांनी भोगून पाहिलं आहे.

अमेरिकेतली आणखी एक तरतूद मला आपल्यासाठी सगळ्यात मोलाची वाटते. कामामुळे मदत बंद झाली आणि पाच वर्षांच्या आत त्याच आजाराने काम सुटलं, तर नव्याने सगळं सिद्ध न करता मदत पुन्हा सुरू करून मागता येते. आपल्याकडे पगार बंद होण्याची भीती एवढी मोठी का आहे? पुन्हा सुरू करणं किती कठीण आहे, हे लोकांनी पाहिलं आहे म्हणून. पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, यूडीआयडी कार्डाची प्रत, आधारची केवायसी, बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून तीन वेळा परत. मग तालुक्याची संजय गांधी समिती. तिची बैठक होईल तेव्हा अर्ज निघणार. समितीच नेमलेली नसेल तर वाट बघायची. तीनचाकीवरून तहसीलच्या पायऱ्यांपर्यंत येणाऱ्या माणसाला या फेऱ्या कशा पडतात, ते एकदा सकाळी अकरा वाजता तिथे उभं राहून बघावं. ज्याने हा प्रवास एकदा केला, तो दोन महिन्यांच्या कामासाठी पगार पणाला लावत नाही. आळस म्हणतात लोक त्याला. मी त्याच्या जागी असतो तरी हेच केलं असतं.

2025 च्या जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला, तेव्हा दिव्यांगांना महिन्याला 6,000 मिळावेत ही मागणी गाजली. नंतर अडीच हजार झाले. केंद्राच्या इंदिरा गांधी अपंग निवृत्तीवेतनाचे 300 रुपये 2012 पासून तिथेच आहेत, आणि त्यालाही 80 टक्के अपंगत्व लागतं. रकमेसाठी भांडलंच पाहिजे. पण उद्या 6,000 झाले आणि मर्यादा 50,000 च राहिली, तर वर्षाची मदत 72,000 आणि ती मिळवायला उत्पन्न 50,000 च्या आत, असं चित्र होईल. दरी 30,000 वरून 72,000 वर जाईल. मग काम लपवण्याचं कारण आणखी मोठं, तक्रार अर्जांचा धाक आणखी मोठा. मागण्यांच्या फलकावर रकमेच्या शेजारी मर्यादेचा आकडा लिहिला गेला पाहिजे, तेवढ्याच जाड अक्षरांत.

एवढा पैसा आणायचा कुठून, असं विचारणारे असतीलच. उत्तर तहसीलच्याच यादीत आहे. मर्यादेपेक्षा जास्त कमावणारी कितीतरी कुटुंबं आजही खोट्या आकड्याच्या दाखल्यावर पगार घेत आहेत, कारण दुसरा मार्ग त्यांना ठेवलेला नाही. मर्यादा खरी केली तर त्यांच्यासाठी तिजोरीतून नवा रुपया जाणार नाही. नवे येतील ते प्रामाणिकपणे बाहेर राहिलेले, आणि त्यांना इतकी वर्षं बाहेर ठेवलं हेच चुकलं आहे.

कायदा बदलायची गरज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा उत्पन्नाची मर्यादा ठरवायचं काम सरकारवर सोपवतो, आणि 50,000 चा आकडाही एका शासन निर्णयानेच आला. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग 2022 मध्ये आपण काढला, त्याचा अभिमान आपण सांगतो. त्या विभागाने सामाजिक न्याय विभागाबरोबर बसून नवा शासन निर्णय काढावा. त्यात लिहावं की दिव्यांगांसाठी मर्यादा लाडक्या बहिणीइतकी, अडीच लाख. दिव्यांग व्यक्तीने स्वतः काम करून मिळवलेले महिन्याचे पहिले 5,000 रुपये हिशेबात धरायचे नाहीत. मर्यादेच्या वर गेल्यास दर दोन रुपयांमागे एक रुपया कापायचा, सगळा पगार एकदम बंद करायचा नाही. कामामुळे बंद झालेला पगार पाच वर्षांच्या आत एका साध्या अर्जावर, समितीची वाट न बघता, तहसीलदाराने पुन्हा सुरू करायचा. आणि या निर्णयापूर्वी कमी उत्पन्न दाखवलं म्हणून कोणाकडून वसुली करायची नाही. हे शेवटचं कलम गाळलं, तर भीतीने खरा आकडा सांगायला पहिल्या दिवशी कोणीही पुढे येणार नाही.